अकरा तासांचा दिवस

दिवाळ्याच्या जेट्टीखाली ओहोटी.
गुडघाभर चिखल, हातात चाळणी,
शेवाळ झटकलं की टणटण उडतात
तांदळाच्या कणीएवढे, कुशीवर पडलेले, पाठीला बाक.
मराठीत यांना नाव नाही.
"जवल्याचे चुलते काय गो?" हिरूबाय तांडेल विचारते.
"तसंच काहीतरी."
"खातेस?"
"नाही. मोजते. किती जणींच्या पोटाशी अंडी आहेत ते."
ती हसत सुटते.
"बायांच्या पोटाकडं बघायचा पगार देतात तुला?"

देतात. उशिरा.

वाशीला, दुसऱ्या मजल्यावर, काळं कापड लावलेल्या कपाटात
दोन बरण्या.
एकीत अकरा तासांचा दिवस, एकीत सव्वातेरा.
पाणी याच खाडीचं, ऊब तीच, शेवाळही तेच.
फरक फक्त दिवा मिटण्याच्या वेळेत.
तिसऱ्या आठवड्यात मोठ्या दिवसाच्या माद्यांनी
पायांमधल्या पिशवीत हिरवट मणी धरले.
छोट्या दिवसाच्या
कात टाकतात,
नवी पिशवी घेऊन येतात, रिकामी.
डोळा म्हणजे नुसता काळा ठिपका,
पण सूर्य काल एक मिनिट उशिरा बुडाला
हे त्यात उतरतं.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो,
आई म्हणायची.
तीळ किती सेकंदांचा, ते तिनं सांगितलं नाही.
यांना विचारायला हवं.

यंदा जेट्टीवर नवे दिवे लागले, उंच खांबांवर, रात्रभर.
डिसेंबर. कपाटाबाहेरही अकराच तास.
दिव्यांच्या उजेडात चाळणी धरली:
अंडीवाल्या तेरा.
तिवरांपलीकडे, काळोखात: दोन.
वहीत लिहिलं, नमुना अपुरा.
आणि मग पेन्सिल हातात तशीच.
एवढ्या थंडीत पिल्लं झाली तर
त्यांना खायला काय असेल?

हिरूबाय त्याच दिव्याखाली जाळं शिवत बसलेली.
"बंद करायला सांगू नको हां," ती म्हणते,
"दिवसा मासळी विकायची, जाळं कधी शिवू?
सून माझी महाप्याला रातपाळीला.
दुपारी खिडकीला चादर बांधून झोपते,
उठली की विचारते, आई, सकाळ की सांज?"
सुई थांबवून
ती चाळणीत डोकावते, बराच वेळ.
"तुझ्या बायांना सांग,
ह्यो सूर्य नाय."

चाळणी पाण्यात उलटी केली.
तेरा जणी, पोटाशी मणी धरून,
आडव्या पोहत
खांबाच्या बुडाशी, उजेडात गेल्या.