२३ सी

कुटाइसीत माझ्या दाराला पाटी नाही,
तरी इंग्रजी पत्र आलं की लोक जिना चढून वर येतात.
तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं, कर्ता, कर्म, क्रियापद.
आता विजेच्या बिलांच्या तक्रारी, व्हिसाचे अर्ज,
आणि दोन वर्षं होत आली,
नातेला भट्टीवालीचा खांदा.

ती येते तेव्हा अंगाला राखेचा वास,
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला होडीएवढा लांब पाव.
फी म्हणून. मी नको म्हणत नाही.

घडलं ते इतकंच:
वॉर्सॉला निघाली होती, लेकीच्या बाळंतपणाला.
काळ्या समुद्रावर विमान एकदम खाली गेलं,
अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसं,
आणि चहाची ढकलगाडी उठली
ती येऊन बसली तिच्या उजव्या खांद्यावर.
"बसली," ती म्हणते, "आगंतुक पाहुण्यासारखी."
मी लिहिलं: आदळली.
नस दुखावली, बोटं बधिर, सोबत डॉक्टरांचा दाखला.

कंपनीचं पहिलं पत्र: पट्ट्याचा दिवा चालू होता.
माझा पट्टा बांधलेलाच होता, मी तिच्या वतीनं लिहिलं,
गाडीचा नव्हता.
दुसरं पत्र: हवेतले धक्के हा अपघात नव्हे,
प्रवासाचा नेहमीचा भाग.
"मग अपघात म्हणतात तरी कशाला हे लोक?"
मी शब्दकोश काढला.
तेहतीस वर्षांत या शब्दाबद्दल मुलांना
एवढंच बजावलं होतं, यात दोन सी असतात.

तिसरं पत्र: सद्भावना म्हणून
पुढच्या प्रवासावर चाळीस टक्के सूट.
नातेला इतकी हसली
की खांदा धरून खाली बसावं लागलं.

अर्जात एक रकाना होता,
दुखापतीचा कामावर परिणाम, दोनशे अक्षरांत.
ती सांगू लागली. भट्टी म्हणजे जमिनीत पुरलेला रांजण.
कंबरेपर्यंत आत वाकायचं, श्वास धरायचा
आणि ओला गोळा असा थापायचा
की भिंतीला वाटावं, हा आपलाच.
हात जरा कचरला की पाव सुटतो, निखाऱ्यात जातो.
आता दहातले चार जातात.
डाव्या हातानं थापले तर सगळेच.
"हातावर पोट आहे गं माझं."
मी लिहिलं: स्वयंरोजगार.
अक्षरं उरली होती. पुढे सुचेना.

रक्कम किती मागायची, यात दोन संध्याकाळी गेल्या.
लारीत, युरोत, शेवटी पावांत.
रोजचे राखेत गेलेले पाव गुणिले उरलेलं आयुष्य.
"किती धरू?" मी विचारलं.
ती खिडकीबाहेर बघत राहिली.
मग म्हणाली, "आई एक्क्याऐंशीला गेली.
तू अठ्ठ्याहत्तर धर,
उगाच हावरट दिसायला नको."

दाव्याची मुदत दोन वर्षांची.
महिनाभर उरला असताना पाकीट रजिस्टरनं गेलं
आणि काल परत आलं.
कारण एका ओळीत, टाइप केलेलं:
अर्जावरची सही पासपोर्टवरच्या सहीशी जुळत नाही.

सही तिनं इथेच केली होती, या टेबलावर.
डाव्या हातानं,
जीभ दातांत धरून, पहिलीतल्या पोरीसारखी,
उजवा मांडीवर ठेवून.
शेवटचं अक्षर रेघेबाहेर घसरलं
तेव्हा तिनं मला विचारलंही होतं, "चालेल ना?"
आणि मी, जिनं आयुष्यभर पोरांची अक्षरं तपासली,
म्हटलं होतं, न चालायला काय झालं.

तिला अजून सांगितलेलं नाही. सहा दिवस आहेत.
रात्री उत्तर लिहायला बसले.
चार पानं झाली, फाडली. मग दोन, तीही.
आता एवढंच उरलंय:
महोदय, आपलं पत्र
पुरावा क्रमांक सात म्हणून सोबत जोडत आहे.

खाली सहीची जागा मोकळी.
सकाळी जिन्यात राखेचा वास येईल.
पेन मी
तिच्या डाव्या बाजूला ठेवलंय.