महत्तम, आणि साधारण

सातवीच्या फळ्यावर मी लिहिलं: अठ्ठेचाळीस. छत्तीस.
खाली विभाजकांच्या दोन रांगा,
दोन्हीकडे सापडतील त्यांच्याभोवती गोल:
एक, दोन, तीन, चार, सहा, बारा.
बारा सगळ्यांत मोठा, म्हणून तो मसावि,
महत्तम साधारण विभाजक.
वैजयंती खवणेकरनं हात वर केला.
"सर, महत्तम असेल तर साधारण कसा?"
घंटा झाली.
मला बरंच वाटलं.

संध्याकाळी सर्जेकोटच्या जेटीवर
तिची आई, रुक्मा, ताडपत्रीवर मासळी ओतून बसलेली.
मी घाटावरचा,
बांगडा आणि सौंदाळा वेगळे कळायलाच दोन वर्षं गेली.
वाटे लावायचे होते:
जेवढे बांगडे ह्यात, तेवढेच त्यात,
सौंदाळ्यांचंही तसंच,
आणि मागे शेपूटसुद्धा उरायचं नाही.

तिनं आकडा उच्चारलाच नाही.
सौंदाळ्यांची रांग मांडली, छत्तीस,
शेजारी बांगड्यांची, तोंडाला तोंड लावून.
जास्तीचे बांगडे बाजूला सरकवले
आणि तिची भुवई चढली.
अकरा.
"एक बांगडो खंय गेलो?"
होडीखाली मांजर मिश्या पुशीत होतं.

सत्तेचाळीस.
मी मनात भागून पाहिलं,
हा कुणाचंच ऐकत नाही.
छत्तीसाशी त्याचं जमतं ते फक्त एकावर,
म्हणजे सगळ्या जेटीला मिळून एकच वाटा.

रुक्मानं मागचा झाकणाचा डबा उघडला,
घरासाठी ठेवलेल्यांतला एक काढून रांगेला लावला.
"आमच्या आमटेतलो. चलात."
आता बारा जास्तीचे.
त्या बारांशेजारी सौंदाळे:
एकदा, दोनदा, तीनदा. संपले.
माझा अख्खा तास
ओल्या ताडपत्रीवर, पाच मिनिटांत.

"बारा वाटे!" मी घाईनं म्हणालो,
"चार बांगडे, तीन सौंदाळे."
तिनं जेटीच्या टोकापर्यंत नजर टाकली.
"गिरायकां सहाच आसत, मास्तर."
आणि सहा वाटे लावले,
आठ बांगडे, सहा सौंदाळे,
डोकी सगळी एका दिशेला.
वैजयंती मागे बसून वर्तमानपत्र फाडत होती.
माझ्याकडे पाहिलं, बोलली काही नाही.

दुसऱ्या दिवशी बाराला दुहेरी गोल केला,
परीक्षेत तोच विचारतात.
पण सहापाशी खडू थोडा थांबला,
आणि तिसऱ्या बाकावरून
कुणीतरी हळूच विचारलं,
"मांजराचा वाटा कुठे लिहू, सर?"