कानातला खडा

माझ्या दुकानात दोन फ्रीझर आहेत.
एकात बर्फ, गळाला लावायची बोइटं, शिंपल्यांच्या पिशव्या.
दुसऱ्यात मुंडकी.
नवखं गिऱ्हाईक चुकून दुसरा उघडतं
आणि मग बराच वेळ काही विकत घेत नाही.

मुंडकी मलोवेची.
इथे मरे नदी समुद्राला भेटते,
म्हणजे भेटायची असते; वाळू आडवी येते,
ड्रेजर वर्षभर घरघरत बसतो.
त्या गढूळ लाटांत रात्री हा मासा शिकारीला येतो,
बोइटांच्या थव्यात घुसला
की चादर टरकावल्यासारखा पाण्याचा आवाज.
गळाला लागला की पोटातून घुमतो,
झोपेत कुणी म्हातारा कुरकुरावा तसा.

हौशी मंडळी मांस घरी नेतात,
डोकं माझ्याकडे ठेवतात.
पिशवीत चिठ्ठी : तारीख, लांबी, किनारा.
(किनारा नेहमी खोटा. आपली जागा कोण सांगतंय?)
महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
ॲडलेडहून डॉक्टर थुई येते,
माझ्या मागच्या ओट्यावर कवट्या उघडते,
आणि कानातून खडा काढते.
दोन कान, दोन खडे,
पांढरे, पावट्याच्या दाण्याएवढे.
कापून भिंगाखाली धरले की आत कडी :
हिवाळा, उन्हाळा, हिवाळा, उन्हाळा.
नदीला पाणी होतं ती वर्षं ऐसपैस,
दुष्काळातली केसासारखी.
"वय तरी खरं सांगतो," थुई म्हणाली,
आणि चिठ्ठीतला किनारा वाचून हसली.

क्लेम ट्रेझाइझने डोकं आणलं
ते कपडे धुवायच्या टोपलीत, ओल्या टॉवेलखाली.
एकशे बत्तीस सेंटिमीटर.
तीन दिवस त्याने तेच आकडे गावभर सांगितले,
पोस्टात, दवाखान्यात, चर्चच्या पायरीवर.
पुढच्या मंगळवारी उत्तर आलं :
मादी. एकतीस वर्षांची.
क्लेमने टोपी काढली. परत घातली.
"शाळेच्या बसचा पहिला गिअर मला सापडत नव्हता
तेव्हा ही इथे बोटाएवढी पोहत होती."
मग म्हणाला, "बास. कानाला खडा."

खडा तर तिच्या कानात होता.

त्यानंतर क्लेम मुंडकं आणेना.
मंगळवार आला की दुकानावरून
मान खाली घालून जायचा, उधारी थकल्यासारखा.
शेवटी थुईनेच त्याला भर रस्त्यात गाठलं,
हातात एक टेप दिली, एक वही :
मोज. लिही. सोड.
आणि काही लागलं नाही, तर तेही लिही.

हे शेवटचं त्याच्या घशाखाली उतरेना.
माझ्याही.
सव्वीस वर्षं मी हे दुकान चालवते,
रिकामी रात्र कुणी कबूल केलेली ऐकली नाही.
दोर तुटतो. सील पळवतो. शेपटी तरी दिसलेली असते.

क्लेमची वही माझ्या गल्ल्याशेजारी असते.
सोमवार. सहा तास. काही नाही.
गुरुवार. चार तास, दक्षिणेचा वारा. काही नाही.
शनिवार. एक लागला, अठ्ठ्याऐंशी, सोडला.
जाताना तोंडावर पाणी उडवलं हरामखोराने.
रविवार. काही नाही.
किनारा खरा लिहितो. मी तपासून पाहिलंय.
थुई त्या ओळींवरून पेन्सिलीचं टोक
इतकं हळू नेते, की मला वाटतं
आता ही वही कापून भिंगाखाली धरणार.

त्या मोठीचा दुसरा खडा तिने क्लेमला दिला होता.
त्याने तो माझ्या सुट्ट्या पैशांच्या बशीत ठेवलाय,
घरी नेववत नाही म्हणाला.
एकदा एका पोराला मी चुकून मोडीत देऊन बसले,
मागे धावत जाऊन परत आणला.

दुपारी गिऱ्हाईक नसतं.
मग मी तो उचलते, कानाला लावते,
थोडा वेळ थांबते.

काही नाही.
वहीत लिहून ठेवते.