जमेचा दिवस

एकतीस मार्च. सेलू, मोंढ्यामागची पतसंस्था.
कूलरात पाणी ओतायचं कुणाच्याच ध्यानात नाही,
तो नुसती धूळ फिरवतोय
आणि मी एक सूत्र खाली ओढत नेतेय
चारशे बारा ठेवींवरून.
मुद्दल, दर, दिवस.
दिवस म्हणजे या तारखेतून ती तारीख वजा.
इतकं सोपं, की भीती वाटते.

हे काम आधी विश्वंभरकाका कुलथ्यांचं.
सोनाराच्या घरातले,
दिवससुद्धा गुंजेनं तोलायचे.
वर्षातला प्रत्येक दिवस त्यांना नंबरानं पाठ.
पंधरा जून? एकशे सहासष्ट.
विचारणारा बोटं मोडेपर्यंत त्यांचं व्याज
पेन्सिलीनं उतरलेलं असायचं.
माझा पहिला आठवडा, एका पावतीत नऊ रुपये जास्त.
ओरडले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवला.
"लेकी, ठेवला तो दिवस धर,
काढला तो सोड.
दोन्ही धरलेस तर संस्था बुडंल,
दोन्ही सोडलेस तर माणूस."

कॉम्प्युटर आला तेव्हा मी त्यांना दाखवलं,
तारखेच्या कपड्याआत नुसता एक आकडा असतो.
एक जानेवारी एकोणीसशे म्हणजे एक,
तिथून पुढं एकेक.
"म्हंजे यानं बी जमेचा दिवस धरलाच की,"
काका खूश.
मग सांगितलं, त्या साली फेब्रुवारीत
एकोणतीस तारीख नव्हतीच,
पण हा ती मोजतो.
काका इतके हसले की शिपाई आत डोकावला.
"खोटी नोंद! पहिल्याच पानावर!
अन् तरी सव्वाशे वर्सं ताळा जुळतोय!"

दुसऱ्या दिवशी वडलांची चोपडी घेऊन आले.
निजामाच्या वक्ताची, कडा वाळवीनं कुरतडलेल्या.
पाच आबान, तेराशे सत्तावन्न फसली,
दोन तोळे गहाण, नाव पुसट.
"घाल हे तुझ्या डब्यात. किती दिवस झाले सांग."
मी घातलं.
ते चौकटीत डावीकडं जाऊन चिकटलं.
तारीख म्हणून पटलं नाही की
अक्षरं डावीकडं सरकतात, आकडे उजवीकडं.
काका बराच वेळ त्या डाव्या कडेकडं बघत राहिले.
"असू दे," म्हणाले, "त्यो मानूस आला न्हाई सोडवायला."

एकोणीस फेब्रुवारीला काका गेले.
अंगणात तेराव्याचं विचारणं चाललेलं.
मी मोबाइलवर तेरा मिळवले आणि म्हणाले,
चार मार्च.
चुलीपाशी बसलेली कुणीतरी म्हातारी
मान न वळवता बोलली,
"तीन. गेला तो दिवस धरायचा अस्तो."

मी तिथंच उभी.
आमच्या वहीत काढला तो दिवस सुटतो,
यांच्या वहीत पहिला तोच.

आता दोनशे सात नंबरची पावती समोर आहे.
साठ हजार, नऊ टक्के,
ठेवीदार वि. ना. कुलथे,
वारस म्हणून गिरजाकाकूंचा अंगठा.
काकू बाकावर बसल्यात,
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत पावती घडी करून आणली होती,
ती पिशवी अजून मांडीवर, सरळ करतायत.
मुदत आजच संपते.
त्या एका चौकटीत, सूत्राच्या शेवटी,
मी अधिक एक लिहिलं.
चौदा रुपये एकोणऐंशी पैसे वाढले.
ऑडिटरला दिसणार नाहीत.

कुणाला दिसतील ते मला माहीत होतं.

अधिक एक पुसलं.
काकूंना रक्कम दोनदा वाचून दाखवली,
त्यांनी न मोजता पदरात बांधली,
म्हणाल्या, "तू मोजली न्हवं? झालं."

ताळा सात वाजता जुळला.
मग मी उठले
आणि कूलरात पाणी ओतलं.