एक हजार तास

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या गल्लीत,
जिथं दुपारी जळक्या वाळूचा वास येतो,
आमची एक पेटी आहे. कपाटाएवढी.
आत पंच्याऐंशी अंश उष्णता, पंच्याऐंशी टक्के दमटपणा,
दार उघडायचं नाही
एक हजार तास.

शिवबसू म्हणतो, आत काय आहे सांगू?
खानापूरचा आषाढ घेतला
आणि त्यात अथणीचा वैशाख ओतला.
दोघं एकाच जिल्ह्यातले,
पण कधी भेट नाही.
आम्ही घालून देतो.

आत उभे आहेत हातभर तुकडे.
काच, मग चिकट पारदर्शक थर, मग निळं सिलिकॉन,
पुन्हा तोच थर, शेवटी पाठीचा पांढरा कागद.
कागद म्हणायचा, आहे प्लास्टिकच.
काचेचं सगळे विचारतात : किती जाड, गारा सोसेल का.
थराचं कोणी विचारत नाही.
न दिसणं हेच त्याचं काम.

मागं रायबागहून एक जुनं पॅनेल आलं,
अकरा वर्षं छपरावर काढलेलं.
पाठीवरून बोट फिरवलं तर बोट पांढरं,
फळा पुसल्यासारखं.
पुढं काचेवर तांबूस डाग.
"मिरच्या वाळत घालत होतो की," मालकीण फोनवर म्हणाली,
"तापतंय चांगलं. का, चालत नाही काय?"
नोंदवहीत तसा रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं : मिरची, संकेश्वरी.

सातशे बाराव्या तासाला वीज गेली.
उन्हासाठी केलेल्या वस्तूची परीक्षा
खांबावरच्या तारेवर चालते, हे हसण्यासारखं आहे,
तेव्हा कोणी हसलं नाही.
जनरेटर खोकला, थांबला.
शिवबसू त्याला कन्नडमध्ये काहीतरी बोलला,
ते मी आईसमोर मराठीत सांगणार नाही.
आकडा उतरत गेला. पंच्याऐंशी, एकाहत्तर, अठ्ठावन्न.
चाळीस मिनिटं.
मुतगेकर सर म्हणाले, हजार तासांत चाळीस मिनिटं
कुणाला दिसतात?

माझे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे,
शहापुरात, वडगावात.
एकाच पत्र्यावर कधी ही लिपी, कधी ती,
जसं गिऱ्हाईक, जसा हुकूम, जसं वर्ष.
आधी पत्रा घासायचे, बोटांची सालं निघेपर्यंत.
म्हणायचे, खालची लबाडी
दुसऱ्या पावसाळ्यात फुगून वर येते.
घाई असली की तेही घासायचे नाहीत.
मी पाहिलंय.

मी लिहिलं : खंड, चाळीस मिनिटं.
खाली सही, सुगंधा भावकाण्णा होनगेकर.

शनिवारी पहाटे सव्वातीनला दार उघडलं.
चष्मा पांढरा झाला.
तुकडे गार होऊ दिले, एक सेंटिमीटर रुंद पट्टी कापली,
टोक सोडवून चिमट्यात दिलं.
यंत्र ओढू लागलं, सावकाश, उलट्या अंगानं,
झोपलेल्या पोराचा सदरा काढावा तसं.
सुरुवातीला थर सोडेना. मला बरं वाटलं.
पहिल्या दिवशी बासष्ट न्यूटन होतं.
आता एकोणचाळीस. अडतीस. पुन्हा एकोणचाळीस.
चाळीस हवेत.

शिवबसूनं एकदा आकड्याकडे पाहिलं,
एकदा वहीतल्या माझ्या ओळीकडे.
आता कंपनी म्हणणार, खंड पडला होता, चाचणी रद्द.
नापास झालेला थर
माझ्याच अक्षराच्या आडून सुटणार.
पण मग अक्षर नको होतं का?
मी विचारलं नाही. त्यानं चहा आणला.

थर विरघळू लागला की सिरक्याचा वास सुटतो.
सकाळी घरी गेले तर आई म्हणाली,
हाताला काय गे, लोणचं नासलंय कुठं?
दोनदा साबण लावला.

सोमवारी नवे तुकडे.
पेटीच्या दाराचं रबर झिजलंय,
नीट बसत नाही.
त्यानं खांदा लावला, मी खांदा लावला.
तास : शून्य.