साडेबावीस इंच

छबूने फोनवरून माप सांगितलं : साडेबावीस.
टेपचा आकडा चौकटीला नीट अडकला का, विचारलं मी,
सैल तर नाही धरलास?
"तुमचाच टेप आहे. तुम्ही शिकवलंय तसाच धरलाय."

मोरीचा दरवाजा साडेबावीस.
खुर्ची पंचवीस.
आणि चौकट मीच केलेली,
भोसरीच्या शेडमध्ये, उरलेल्या अँगलमधून,
जागा वाचावी म्हणून थोडी आत घेऊन.
लोकांची गेटं बारा-बारा फुटी केली,
घरचं काम नेहमी उरलेल्यातलं.

तांबोळी मॅडमनी कागद बाजूला ठेवला.
"दरवाजा रुंद झाला की सही."
मी म्हटलं, सरपटत जाईन की आत.
त्या म्हणाल्या, "ओव्हाळही हेच म्हणाले होते."

ओव्हाळ जुन्नरला गेले ते वॉर्डभर पेढे वाटून.
चाळिसाव्या दिवशी परत आले, पालथे,
माकडहाडावर मूठ मावेल एवढी जखम.
घरात कुणाला पत्ता नाही.
दुखलं असतं तर ओरडले असते ना.

छातीच्या खाली सगळा मुलूख गप्प आहे आता.
म्हणून आरसा, लांब दांड्याचा.
रोज सकाळी स्वतःच्या पाठीमागे जाऊन बघायचं :
कुठे लाल झालंय का,
दाबलं की लाली जाते का, की तशीच राहते.
पत्रासुद्धा गंजण्याआधी असाच रंग बदलतो.
ते मला कळतं.

छबू दोन आठवडे वॉर्डात शिकली.
नळी कशी घालायची, हात किती वेळा धुवायचे,
मांडीखाली फळी सरकवून पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं.
पहिल्या दिवशी ती मला उचलायलाच निघाली.
पाडवी सिस्टर ओरडल्या, "उचलायचं नाही, सरकवायचं!
तुमची पाठ गेली तर दोघांना कोण बघणार?"
शेजारच्या खाटेवर रिझवान हसला,
सासवडचा पोरगा, विहिरीत सूर मारून आलेला.
तो क्वचितच हसतो, म्हणून आम्हीही हसून घेतलं.

रविवारी शेडवरच्या पोरांनी चौकटीला ग्राइंडर लावला.
मी खडकीत, खिडकीशी, फोन कानाला लावून
ठिणग्या ऐकत होतो.
एका फुटाला बारा फूट उतार, बजावलं मी.
बाळ्या म्हणाला, शेठ, अंगणात तेवढी जागा कुठाय?
मग वळव. मधे खुर्ची फिरेल एवढं सपाट सोड.
कितीतरी दिवसांनी
माझ्या शब्दावर कुणी लोखंड कापत होतं.

खडकी ते दिघी, रिक्षाने वीस मिनिटं.
मला पाच महिने लागले.

निघताना सिस्टरनी वही दिली.
वेळ, कूस, लघवी किती, सही.
शेवटच्या पानावर तीन नंबर, आणि ठसठशीत अक्षरात :
डोकं फुटायला लागलं, तोंडावर घाम सुटला,
तर आधी उठवून बसवा,
लघवी तुंबली का बघा, लगेच फोन करा.
सकाळची वाट बघू नका.

नव्या चौकटीला अजून रेड ऑक्साइडचा वास.
खुर्ची आत गेली.
दोन्हीकडे इंचभर जागा.
"बोटं सांभाळा," छबू म्हणाली.

रात्री दोनला गजर.
तिने मला डाव्या कुशीवरून उजवीवर केलं,
गुडघ्यांमध्ये उशी,
टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली जुन्या साडीची घडी.
मग दिवा लावून वही उघडली.

वॉर्डात त्या रकान्यात सिस्टर नुसती रेघ ओढायच्या.
छबूने बँकेत करतात तशी
सावकाश, पूर्ण सही केली :
छबू दामोदर शेलार.

मी भिंतीकडे तोंड करून
पेनाचा आवाज ऐकत पडलो होतो.
"चारला परत," ती म्हणाली,
आणि दिवा घालवला.