समुद्र डाव्या हाताला

थुईनं नकाशा काढून दिला होता
हातमोज्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर,
पायपांवर नंबर टाकायच्या जाड मार्करनं.
तिच्या बेटाचा. फू क्वॉकचा.
वर रुंद, खाली निमुळतं, गाजरासारखं.

"स्कूटर भाड्यानं घे. ब्रेक आधी दाबून बघ.
पेट्रोल बाटलीत विकतात, वास घेऊन घे.
वाट विचारू नकोस, लोक हसतात
आणि हसत हसत चुकीची सांगतात.
समुद्र डाव्या हाताला ठेव, बस.
निघालास तिथंच परत येशील."

म्हटलं, बाई, मी मंगळवेढ्याचा.
आमच्याकडे डाव्या हाताला ज्वारी असते,
उजव्या हाताला ज्वारी असते
आणि माणूस तरी चुकतो.

तिचं कंत्राट मार्चमध्ये संपलं.
रुवैसच्या कामगार-बसमध्ये तिची खिडकी
आता केनियाच्या एका पोराकडे आहे, तो झोपतो.
फू क्वॉकचं तिकीट मी तीनदा बघितलं,
तीनदा फोन पालथा घातला.
मग ईदच्या सुट्टीत
परवडणारं बेट गाठलं. दलमा.
तिचं बेटही आखातातच आहे म्हणे,
फक्त त्या आखाताच्या काठाला मिरी पिकते.

फेरीतून गाड्या उतरल्या, आपापल्या वाटेनं गेल्या.
पायी उरलो मी,
एक फिलिपिनो जोडपं
आणि दोरी तुटलेली एक बकरी.

"स्कूटर? भाड्यानं?"
किराणावाला कुंजाली गल्ल्यावरून वाकला.
"इथं? कोण घेणार?"
मी, म्हटलं.
त्यानं मला पाण्याची बाटली दिली
आणि पैसे मोजून घेतले.

पुठ्ठा डोक्यावर धरून निघालो.
समुद्र डाव्या हाताला.
उजवीकडे भिंत, भिंतीनंतर भिंत,
भिंतीवरून डोकावणारी खजुराची शेंडी,
सावलीच्या एका पट्टीत पाच मांजरं दाटीवाटीनं.
सहाव्याला जागा नव्हती.

तेवढ्यात पाण्याचा टँकर थांबला.
बन्नूचा गुलझरीन. दार आतून ढकलून म्हणाला,
"किधर?"
"किधर भी."
"तो बैठो. मैं भी उधर ही जाता हूँ."

स्टिअरिंग डावीकडे,
म्हणून समुद्र दिसायचा तो त्याच्या दाढीपलीकडून,
तुकड्या-तुकड्यानं.
टँकरला घाई नसते.
एक बंगला, एक गोठा, मशिदीची टाकी,
पुन्हा एक बंगला.
तिसऱ्या थांब्याला त्यानं नळीचं तोंड माझ्या हातात दिलं,
जसं काही मी त्यासाठीच आलो होतो.

थुई म्हणजे पाणी.
तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, छातीवर हात ठेवून:
थुई. पाणी.
मला वाटलं, मागतेय.
मी ग्लास भरून आणला होता.

टाकी भरेपर्यंत घरातले आजोबा बाहेर आले.
म्हणाले, मोत्यांच्या दिवसांत
लांबलांबच्या नावा इथं विहिरीचं पाणी भरायला लागायच्या.
म्हणाले आणि नळीकडे बघत राहिले.
मग: "तू कुठला?"
"हिंद."
"तुमच्या गावाला समुद्र कुठल्या बाजूला?"
"कुठल्याच नाही."
गुलझरीननं हे अरबीत दोनदा सांगितलं.
म्हाताऱ्याला माझी एवढी दया आली
की आत जाऊन खजूर आणले,
मूठभर,
वर आणखी मूठभर.

साडेतीनला पुन्हा कुंजालीच्या दुकानासमोर.
म्हणजे थुईचं खरं ठरलं.
"बघितलं बेट?"
बघितलं की. अकरा टाक्यांची झाकणं बघितली,
त्यातलं एक बसत नव्हतं,
त्यावर दगड ठेवून आलो.

फेरीच्या कठड्याशी पुठ्ठ्याचा फोटो काढून
तिला पाठवला. वर लिहिलं: चालतो.
एकच खूण आली अजून, दुसरी आली नाही.
तिथं रात्र असेल, किंवा रेंज नसेल,
किंवा ती स्कूटरवर असेल.

बूट सुकले होते तोवर.
एवढ्या समुद्राच्या मधोमध
त्यांच्यावर मिठाचा डाग नव्हता.